दोन सह्या

पगारे काका तिसऱ्यांदा आले.
घरपट्टीची पावती प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवी खिशात, खिशाला सेफ्टीपिन.
"भरलेत ना मी? मग हे काय?"
स्क्रीनवर तेच: थकबाकी, एक हजार आठशे बेचाळीस,
लाल अक्षरांत,
जसा काही अख्ख्या जेल रोडला दिसेल असा फलक लावलाय.

माझं दुकान बिटको चौकातून आत, दुसऱ्या गल्लीत.
झेरॉक्स, लॅमिनेशन, सगळे फॉर्म.
थंडी अशी, की प्रिंटरसुद्धा
पहिला कागद कुडकुडत बाहेर काढतो.

भाच्याला फोन लावला, सिडकोत.
तुझ्या मोबाइलवर बघ म्हटलं, हा मिळकत क्रमांक घे.
पलीकडून कुणी बाप्या बोलला.
मी म्हटलं, जरा सुजयला द्या.
"मावशी, मीच आहे. शून्य दाखवतंय."

म्हणजे सिडकोत काका बेबाक
आणि नाशिक रोडला थकबाकीदार.

"काका, महापालिकेचं नाही चुकलं.
हा आपला कॉम्प्युटर कालचं पान दाखवतोय.
एकदा पाहिलेलं तो ठेवून घेतो.
पुन्हा मागितलं की तिकडे जायचे कष्ट नाहीत,
फडताळातलंच काढून देतो."
"म्हणजे आळशी."
"नाही हो. तत्पर आहे. फारच तत्पर."

पुसून टाकते, म्हणाले मी
आणि तीन बटणं एकदम दाबली.
काकांनी टेबलाची कड धरली.
"असंच? मोजल्याशिवाय?"

चौतीस वर्षं प्रेसमध्ये, तपासणीला.
शाई फाकलेला, आकडा सरकलेला ताव
डोळ्यांआधी अंगठ्याला कळायचा.
पण खराब निघाला म्हणून तो चुरगाळून फेकत नसत.
मोजायचा. वहीत चढवायचा.
दोघांच्या सह्या.
मगच नष्ट.
एक ताव कमी भरला, तर भोंगा होऊन गेला तरी
कुणी घरी जायचं नाही.
अठ्ठ्याऐंशी साली एकदा
रात्री पावणेदोनला सापडला होता,
यंत्राच्या पोटाखाली, तेलात भिजलेला.
"तो सापडला तेव्हा शिंपी साहेब रडले,"
काका म्हणाले. आणि मग, "किती आहे हे?"

"तीनशे बारा एमबी."
"म्हणजे ताव किती?"
आता काय सांगणार.
"बरं, कधीपासूनचे?"
यादी उघडली. गेला तास. गेला दिवस.
सात दिवस. चार आठवडे.
आणि सगळ्यात खाली: आरंभापासून.
काकांनी चष्मा कपाळावर चढवला,
पडद्याला नाक लावून वाचलं.
"आरंभ कुणाचा?"

मी क्लिक केलं.
ना धूर, ना आवाज, ना राख.
पान पुन्हा उघडलं. शून्य.
त्यांना आनंद झाला असं काही दिसलं नाही.
शून्यावरून अंगठा फिरवून पाहिला,
मग म्हणाले, "सही कुठे करू?"

वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर मी लिहिलं:
जुनी पाने, तीनशे बारा एमबी, नष्ट.
वेळ, सकाळी अकरा वाजून दहा.
त्यांनी सही केली, पेन्शनच्या कागदावर करतात तशी,
खाली दोन टिंबं देऊन.
मग माझी.

ते गेल्यावर कळलं, घाईत मी नको तिथेही टिचकी मारली होती.
बँक, वीज, रेल्वेची तिकिटं,
रोजचं राशिभविष्यसुद्धा,
जिथे जावं तिथे दारात अडवून विचारत होते,
कोण आपण?
दिवेलागणीपर्यंत पासवर्ड आठवत बसले.
अर्धे आठवले. एक तर माझ्याच माहेरच्या नावाचा निघाला.

तो कागद मी वहीत चिकटवला.
आता सात नोंदी आहेत.
दुसरी सही, त्या वेळी जे गिऱ्हाईक बसलेलं असेल त्याचं.
काल एका पोराने कुरकुरत केली,
"ताई, कशाला हे? गेलं ते गेलं."
म्हटलं, कर बाबा.
संध्याकाळी मला शटर ओढायचं असतं.